दात यायच्या आधीचं वर्ष: डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या तोंडासाठी कोणती साधनं, कधी आणि कशी

डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाचा पहिला दात बहुधा वाढदिवस उलटल्यावरच दिसतो. इतर बाळांना सहाव्या-आठव्या महिन्यात दात येतो. इथे बारा-चौदा महिने लागणं नेहमीचं आहे आणि काहींना दोन वर्षंही लागतात. दुधाचे वीसही दात यायला चौथं-पाचवं वर्ष उजाडतं, आणि क्रमही पाळला जात नाही. कधीकधी खालचे पुढचे दोन दात यायच्या आधी एखादी दाढच डोकावते. त्यामुळे घरात सगळे निवांत असतात: दातच नाहीत, तर दातांचा डॉक्टर कशाला?

खरं काम मात्र याच बिनदाताच्या महिन्यांत असतं. जीभ कुठे टेकायची, ओठ मिटायचे की उघडे ठेवायचे, श्वास नाकानं घ्यायचा की तोंडानं, या सवयी तेव्हाच बसत असतात. टाळूची प्लेट, म्हणजे जीभ मागे-वर जावी म्हणून तोंडात घालायची, काढता-घालता येणारी छोटी प्लेट, बसवायची असेल तर तिलाही सपाट, बिनदाताची हिरडी लागते. पुढचे दात फुटले की प्लेटची पकड जाते.

एक शब्दाचा घोळ आधीच मिटवू. डॉक्टर ‘टाळू’ म्हणतात तेव्हा त्यांना तोंडाचं छत म्हणायचं असतं. आजी ‘टाळू’ म्हणते तेव्हा तिच्या मनात डोक्यावरचा मऊ भाग असतो, ज्यावर तेल भरतात. ‘टाळूला प्लेट बसवायची’ हे ऐकून घरात उगाच घबराट होते. या लेखात टाळू म्हणजे तोंडातलाच.

या तोंडात वेगळं काय असतं

सगळ्यांना आधी बाहेर आलेली जीभ दिसते आणि ‘जीभ मोठी आहे’ असा निष्कर्ष निघतो. बहुतेक बाळांची जीभ खरं तर मोठी नसते, तिला जागा कमी पडते. वरचा जबडा आणि चेहऱ्याचा मधला भाग कमी वाढलेला असतो, टाळू अरुंद आणि उंच कमानीचा असतो. त्यात जिभेचे, ओठांचे, गालांचे स्नायू ढिले असतात. नाकाची वाट मुळातच बारीक आणि सर्दी वारंवार होणारी, म्हणून बाळ तोंडानं श्वास घेतं. तोंड उघडं राहिलं की जीभ खाली पडते आणि पुढे सरकते. जीभ टाळूला टेकली नाही की टाळू रुंद व्हायला आतून मिळणारा दाब मिळत नाही, आणि जागा आणखी कमी पडते. पुढे सांगितलेली बहुतेक साधनं हे चक्र कुठे ना कुठे तोडायचा प्रयत्न करतात. त्यामुळे कुठलंही साधन विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: यानं जीभ आत-वर जाते, की बाहेर-खाली?

दुसरी गोष्ट पुढच्या काळातली आहे, पण तयारी आत्ताची. या मुलांच्या दातांना कीड तुलनेनं कमी लागते, असं बऱ्याच तपासण्यांत दिसलं आहे. दात उशिरा येतात आणि त्यांत फटी असतात, ही त्याची दोन कारणं. हिरड्यांचा आजार मात्र लवकर येतो आणि जोरात येतो. रोगप्रतिकारशक्तीतले फरक त्याच्या मुळाशी आहेत. कीड नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात आणि ऐन तारुण्यात खालचे पुढचे दात हलायला लागतात. म्हणून या बाळाच्या बाबतीत हिरडीची कड घासण्याची सवय दाताच्या चकाकीपेक्षा महत्त्वाची.

बिनदाताचं तोंड पुसायची रीत

साहित्य फार नाही. धुवून मऊ झालेल्या जुन्या मलमलचे साधारण ५ सेंमीचे चौकोनी तुकडे किंवा औषधाच्या दुकानातला निर्जंतुक गॉज, आणि उकळून कोमट केलेलं पाणी. मध लावायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो, आणि या बाळाचे स्नायू आधीच ढिले असल्यामुळे त्याची सुरुवातीची लक्षणं लक्षातही येणार नाहीत. ग्लिसरीन, टाकणखार, हळद यांपैकी काहीही नको.

सगळ्यात जास्त लक्ष बसण्याच्या पद्धतीवर द्यायचं. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांतला सांधा सैल असू शकतो, म्हणून मान मागे टाकून तोंड उघडायचं नाही. पाय किंचित वर घेऊन बसा, बाळाला मांडीवर असं घ्या की त्याचं डोकं तुमच्या कोपराच्या खोबणीत येईल आणि हनुवटी छातीकडे जरा झुकलेली राहील. दूध पाजून किमान पाऊण तास झालेला असावा.

१. हात धुवा, नखं कापलेली असू द्या. आधी गालावर बोटांची पोटं कानाकडून ओठांच्या कोपऱ्याकडे सावकाश फिरवा. तोंडावर थेट हात आला की ही बाळं दचकतात, म्हणून बाहेरून आत यायचं.

२. वरच्या ओठावर नाकाखालून खाली, आणि खालच्या ओठावर हनुवटीकडून वर, असा तीन-तीन वेळा हलका दाब द्या. ओठ मिटायला लागतात, ते थांबून पाहा.

३. कापड बोटाला गुंडाळून, ओलं करून घट्ट पिळा. पाणी गळत असेल तर ते घशात जाईल. वरच्या हिरडीची बाहेरची बाजू मधून मागे, मग परत पुढे. एका बाजूला तीन फेऱ्या झाल्या की बोट काढा, हनुवटीला खालून बोटाचा आधार देऊन तोंड मिटवा आणि बाळ गिळेपर्यंत वाट पाहा. मग दुसरी बाजू. मग खालची हिरडी.

४. शेवटी जीभ. टोकापासून मध्यापर्यंतच जायचं, बोटाच्या पोटानं खाली हलकं दाबून सोडायचं. दाब सुटला की जीभ स्वतःहून वर उचलते, तेच आपल्याला हवं असतं. मध्याच्या मागे गेलात तर उमासा येईल आणि उद्यापासून बाळ तोंड उघडणार नाही.

सगळं मिळून तीन-चार मिनिटं, दिवसातून दोनदा. तिसऱ्या पायरीतली ‘गिळेपर्यंत वाट’ घाईत सुटते, आणि ती सुटली की बाळाला ठसका लागतो. दोष कापडाला दिला जातो.

न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी काही घरांत बोट घालून टाळू किंवा पडजीभ ‘उचलून’ देतात. या बाळाला ते करू देऊ नका. घशाचा मागचा भाग आणि मान दोन्ही नाजूक आहेत.

विकत घ्यायची छोटी साधनं

सिलिकॉनचा बोटब्रश उपयोगी आहे, पण तो आईच्या बोटाला घट्ट बसायला हवा. ओल्या बोटावरून सटकला तर सरळ जिभेच्या मुळाशी जातो. घेताना बोटात घालून, पाण्यात बुडवून, दुसऱ्या हातानं ओढून पाहा. आठवड्यातून एकदा ताणून उजेडात धरा. बारीक चीर दिसली की टाकून द्या. वरखाली दाढा आल्या की बोटब्रश बंद, कारण मग बाळ तो चावून तुकडा काढतं आणि तुमचं बोटही चावतं.

चावण्याचं खेळणं एकसंध सिलिकॉनचं घ्या. आत पाणी किंवा जेल भरलेलं नको, मणी ओवलेलं नको. लहान भाग गिळले जाण्याची चाचणी साधारण ३.२ सेंमी व्यासाच्या नळीत टाकून करतात. तेवढ्या जागेत पूर्ण मावणारी कुठलीही वस्तू या वयात तोंडात नको. गार करायचं असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नाही. गोल कड्यापेक्षा लांबट, बोटासारखा दांडा असलेलं चांगलं: ते हिरडीच्या कडेला, दाढांच्या जागी ठेवता येतं, जीभ तिकडे वळते आणि पुढे चावून खायला लागणारी हालचाल सुरू होते. कडं मध्यभागी धरलं की जीभ त्याच्याखाली पुढे येते, म्हणजे नको तेच होतं.

गळ्यात घालायच्या अंबरच्या किंवा लाकडी मण्यांच्या माळा नकोत, त्यानं गळफास आणि घुसमट दोन्हींचा धोका असतो. हिरडीवर चोळायची बधिर करणारी जेलंही नकोत. बेंझोकेनमुळे दोन वर्षांखालच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद अचानक घटू शकते. लिग्नोकेन गिळलं गेलं तर हृदयावर आणि मेंदूवर परिणाम होतो, आणि हृदयाला छिद्र असलेल्या बाळात तर हा खेळच नको. सॅलिसिलेट असलेली जेलंही लहान मुलांना देत नाहीत. दुकानदार ‘सगळेच नेतात’ म्हणून पुढे करतो, तेव्हा डबीवरची बारीक अक्षरं वाचा.

दूध पाजायच्या साधनांचा तोंडाच्या वाढीशी थेट संबंध आहे. अंगावर ओढता येत असेल तर त्यासारखा व्यायाम दुसरा नाही. ओढायला ताकद कमी पडते तेव्हा काढलेलं दूध बोंडल्यानं देतात. बारशाला हुपरीच्या चांदीचं बोंडलं आणायची हौस आपल्याकडे आहे. ते वापरायला हरकत नाही, पण चोचीच्या कडेवरून बोट फिरवून खरखर लागते का ते पाहा, आणि सांध्याच्या आतल्या कोपऱ्यात दूध साचतं तिथे ब्रश पोचतो का तेही. चोच खालच्या ओठावर टेकवून दूध ओठापाशी आणायचं आणि बाळाला चाटून-ओढून घेऊ द्यायचं. तोंडात ओतायचं नाही. ओतलेलं दूध ढिल्या जिभेवरून थेट श्वासनलिकेकडे जातं.

सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू झालं की चमचा पसरट, उथळ वाटीचा घ्या. नाचणीची खीर किंवा मऊ भात चमच्याच्या टोकाला, चमचा जिभेच्या मध्यावर ठेवून हलका खाली दाबायचा आणि वरचा ओठ खाली येईपर्यंत थांबायचं. आपण घाईनं चमचा वरच्या हिरडीवर घासून रिकामा करतो, त्यामुळे ओठाला कामच उरत नाही. पेल्याचं म्हणाल तर टणक चोचीचे झाकणवाले कप टाळा, त्या चोचीखाली जीभ पुढे पडून राहते. नऊ-दहा महिन्यांपासून लहान उघडा पेला, आणि जमेल तेव्हा आखूड स्ट्रॉ. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिणं ही मोठ्यांची चैन आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला जनावराचं दूध प्यायला देऊ नये, आणि कच्चं तर कुठल्याच वयात नको.

टाळूची प्लेट

अर्जेंटिनातले पुनर्वसन-वैद्य रोडोल्फो कास्तियो मोरालेस यांनी १९७०च्या दशकात चेहरा आणि तोंडाच्या स्नायूंना चालना देण्याची उपचारपद्धत बांधली. प्लेट हा तिचा एक भाग. मालिश आणि व्यायाम हा दुसरा, आणि तोच मोठा. नुसती प्लेट बसवून घरी पाठवलं तर अर्धंही काम झालेलं नसतं.

दिसायला ती कवळीच्या छोट्या टाळूसारखी, गुलाबी किंवा पारदर्शक ॲक्रिलिकची असते. दोन ठिकाणी तिच्यात मुद्दाम अडथळा ठेवतात. मागच्या बाजूला मध्यावर एक पोकळ, गोल उंचवटा असतो, छोट्या बटणासारखा. जीभ त्या खळग्याशी खेळायला मागे आणि वर जाते. दुसरा अडथळा पुढे, हिरडी आणि वरचा ओठ यांच्या मध्ये, बारीक उभ्या रेघांचा किंवा टेंगळांचा. तो ओठाच्या आतल्या बाजूला टोचत नाही, जाणवतो, आणि ओठ खाली येतो. प्लेट जिभेला ढकलत नाही, तिला वर जायला निमित्त देते. बाळाला उंचवट्याची सवय झाली की ते निमित्त संपतं, आणि म्हणूनच प्लेट दिवसभर घालून ठेवत नाहीत.

कुणाला द्यायची? जीभ सतत बाहेर आणि ओठ उघडे, स्नायू ढिले, दात आलेले नाहीत, आणि घरात रोज वेळ देणारं माणूस आहे, अशा बाळाला. सुरुवात साधारण दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात. जिभेचं टोक फक्त झोपेत ओठांत दिसत असेल आणि जागेपणी तोंड मिटत असेल तर प्लेटचा खर्च आणि दगदग करू नका, मालिश पुरे. श्वास अस्थिर असेल, हृदयाची शस्त्रक्रिया तोंडावर आली असेल, झटके ताब्यात नसतील किंवा नाक पूर्ण चोंदलेलं असेल तर प्लेट पुढे ढकलायची.

पुरावा किती आहे, हेही सांगायला हवं. जिभेची जागा आणि ओठ मिटणं यांत सुधारणा दाखवणारे अभ्यास आहेत, पण ते लहान गटांवरचे आणि बहुतेक थोड्या काळाचे. बाळ वाढतं तसे स्नायूही आपोआप थोडे घट्ट होतात, त्यामुळे किती श्रेय कुणाचं हे वेगळं काढणं अवघड जातं. बोलणं स्पष्ट होईल, घोरणं थांबेल अशी हमी कुणी देत असेल तर दुसरं मत घ्या.

*माप घेणं.* हे दवाखान्यातलं काम आहे, पण पालकांनी त्यातलं काय पाहायचं ते माहीत असावं. बाळाचं पोट दोन-तीन तास रिकामं हवं. भूल लागत नाही, द्यायचीही नाही. शेजारी सक्शन (तोंडातली लाळ ओढून घेणारं यंत्र), प्राणवायू आणि बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर तयार हवा. ही तीन साधनं नसतील तिथे या बाळाचं माप देऊ नका. बाळाला उभं धरतात किंवा मांडीवर पालथं, चेहरा खाली, म्हणजे जीभ पुढे येते आणि जास्तीचं मटेरियल घशाकडे न जाता बाहेर पडतं. माप सिलिकॉनच्या पुटीनं घेतलेलं बरं. ती कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट असते, वाहत नाही, फाटत नाही. अल्जिनेट हे मापाचं दुसरं मटेरियल पातळ, मागे ओघळणारं आणि काढताना तुटणारं. मटेरियल घट्ट व्हायला दीड-दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं बाळ कळवळून रडतं. आईला ते बघवत नाही. पण रडणं चालू आहे म्हणजे श्वास चालू आहे, म्हणून डॉक्टर त्या रडण्यावर निश्चिंत असतात. रडणं एकदम थांबलं तर मात्र ट्रे लगेच बाहेर काढतात.

*लॅबमध्ये.* मापातून दंतप्लास्टरचा साचा, त्यावर प्लेट. जाडी दीड-दोन मिलिमीटर. मागची कड कठीण टाळू संपतो तिथेच थांबली पाहिजे, मऊ टाळूवर गेली की उमासे. पुढे वरचा ओठ हिरडीला जोडणाऱ्या बंधाला इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच हवी, नसली तर दोन दिवसांत तिथे जखम. आणि ॲक्रिलिक पूर्ण शिजलेलं हवं. अर्धवट शिजलेल्यात मोनोमर, म्हणजे ॲक्रिलिकचा कच्चा द्रव, उरतो, त्याचा उग्र वास येतो आणि हिरडी लाल होते. प्लेट हातात घेतल्यावर नाकाशी धरा. नेलपॉलिशसारखा वास आला तर परत द्या. तयार प्लेट एक दिवस पाण्यात ठेवून मगच बाळाला देतात. कडांवरून ओठाच्या आतली बाजू फिरवून पाहा, बोटाला न कळणारी खरखर ओठाला कळते.

*घालणं.* प्लेट गार पाण्यात ओली करा. पाण्याच्या पातळ थरानंच ती टाळूला चिकटते. बाळ बसतं किंवा मांडीवर टेकलेलं, हनुवटी खाली. प्लेट तिरकी आत न्या, मागची कड आधी, मग पुढचा भाग अंगठ्यानं वर दाबून दहा आकडे मोजा. पडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. चिकटवायची पेस्ट स्वतःहून लावू नका.

पहिले दोन-तीन दिवस ५-५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. मग वाढवत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत दर वेळी अर्धा ते एक तास, दिवसातून दोनदा किंवा तीनदा. नेमकी वेळ तुमचे डॉक्टर आणि थेरपिस्ट ठरवतील. घालण्याआधी वर सांगितलेली गालाओठांची मालिश करायची. घरी पाळायचे नियम तीन: बाळ जागं हवं, कुणाचे तरी डोळे त्याच्यावर हवेत, आणि दूध-खाणं चालू नसावं. झोपेत घालायला डॉक्टरांनी स्वतः सांगितलं नसेल तर घालू नये. ॲक्रिलिक एक्स-रेमध्ये दिसत नाही. तुकडा मोडून घशात गेला तर शोधणं कठीण, म्हणून रोज घालण्यापूर्वी प्लेट उजेडात फिरवून तडा पाहायचा, आणि तडा असेल तर चिकटवून वापरायची नाही.

पहिल्या दिवशी लाळ दुप्पट होते. घाबरू नका, तोंडाला ते अन्न वाटतं. गिळणं वाढलं की ती ओसरते. प्लेट काढल्यावर टाळूवर फिकट गुलाबी ठसा असेल आणि तो अर्ध्या तासात गेला तर ठीक. गडद लाल चट्टा, पांढरा डाग किंवा रक्त दिसलं तर प्लेट बंद करून कड घासून घ्यायची. घरी सॅंडपेपर चालवू नका, उंचवट्याची जागा बिघडते. दोन दिवसांनी एक तपासणी, आठवड्यानं दुसरी, मग महिन्याला एक. टाळू झपाट्यानं वाढतो, म्हणून साधारण तीन-चार महिन्यांत नवी प्लेट लागते. जुनी सैल प्लेट ‘अजून बसतेय’ म्हणून चालवणं ही सर्रास होणारी चूक. सैल प्लेट जीभ ढकलून बाहेर काढते, म्हणजे ज्या सवयीसाठी हा खटाटोप तीच पक्की होते. सर्दीत नाक बंद असेल त्या दिवशी सुट्टी. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये अशा सुट्ट्या बऱ्याच होतात, हिशेबात धरा.

*धुणं.* वाहत्या गार पाण्याखाली, मऊ बेबी ब्रश आणि साध्या साबणानं, खाली भांड्यात पाणी ठेवून, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. उंचवट्याच्या पोकळीत दुधाचा साका राहतो, तिथे कापसाची काडी फिरवा. उकळत्या पाण्यात किंवा बाटल्यांच्या स्टीमरमध्ये कधीच नाही: ॲक्रिलिक मऊ होऊन आकार सोडतं, आणि डोळ्यांना न दिसणारा तो बदल टाळूला कळतो. टूथपेस्टनं ओरखडे पडतात, सॅनिटायझरनं बारीक तडे. न वापरताना झाकणाच्या डबीत स्वच्छ पाण्यात, पाणी रोज बदलून.

दात आला की

पहिल्या दाताबरोबर ब्रश आणि पेस्ट. ब्रशचं डोकं दीड सेंमीच्या आसपास, केस अतिमऊ, दांडा जाड. पेस्ट १००० पीपीएम फ्लोराइडची, तांदळाच्या दाण्याएवढी, ब्रशवर दाबून पुसलेली. तीन वर्षांपर्यंत एवढीच, पुढे वाटाण्याएवढी. दाणा म्हणजे दाणाच. घरोघरी दाण्याचं हरभऱ्याएवढं होतं.

दोन माणसं गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसा. बाळाचं डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याच्या कमरेला, आणि मानेखाली घडी केलेलं धडपं. पंचेचाळीस अंशांत तिरका ब्रश, अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर, जागच्या जागी थरथरवायचा. रक्त आलं म्हणून तिथे घासणं थांबवू नका. रक्त बहुधा साचलेल्या थरामुळे येतं. दोन आठवडे नीट घासूनही आलं तर दाखवा.

बाळ तोंड मिटून चावतं तेव्हा दातांमध्ये बोट घालायचं नाही. सिलिकॉनचा दांडा एका बाजूच्या दाढांमध्ये ठेवा, दुसरी बाजू घासा, मग बदला. तीन बाजूंनी केस असलेला ब्रश एका फेरीत दात तिन्हीकडून घासतो. न बसणाऱ्या मुलाला तो वरदानच, पण त्याचं डोकं मोठं असतं, तीन वर्षांच्या आत बहुधा मावत नाही. नळीनं दूध घेणाऱ्या किंवा वारंवार ठसका लागणाऱ्या बाळासाठी सक्शनला जोडायचा ब्रश मिळतो, तो थेरपिस्टकडून शिकूनच वापरावा. नळीनं दूध घेणाऱ्या बाळाचंही तोंड घासायचंच. घाण लाळ फुप्फुसात गेली तर न्यूमोनिया होतो.

हृदयाची औषधं गोड सिरपमध्ये असतात. रात्रीचा डोस झाल्यावर ओल्या कापडानं तोंड पुसा, नाहीतर ते गोड रात्रभर दातांवर राहतं. लोहाच्या थेंबांनी दात काळे पडतात. तो डाग वरवरचा असतो, कीड नाही. ड्रॉपर गालाच्या मागच्या बाजूला धरला की कमी पडतो. गुळाचं पाणी बाटलीत भरून झोपवणं मात्र पहिल्या दातापासून बंद.

डॉक्टरांना आधीच सांगायचं

या बाळांतल्या जवळपास निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो, म्हणून दंतवैद्याकडे जाताना इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल बरोबर हवा. घरी ब्रश करायला, दात आपोआप यायला किंवा काढता-घालता येणारी प्लेट बसवायला आधी अँटिबायोटिक लागत नाही. हिरडीत हत्यार घालायचं असेल तेव्हा काही ठराविक बाळांना लागतं: बाळ निळं पडतं असा, अजून दुरुस्त न झालेला हृदयदोष, कृत्रिम झडप, हृदयात पॅच बसवून सहा महिने न झालेले, पॅचपाशी गळती उरलेली, किंवा हृदयाच्या आतल्या अस्तराला आधी जंतुसंसर्ग होऊन गेलेला. तो डोस हृदयाचे डॉक्टर ठरवतात.

दात फारच उशिरा येत असतील तर ‘डाऊनच आहे’ म्हणून सोडू नका. थायरॉइड कमी असल्यानंही दात लांबतात, आणि या बाळांत ते वारंवार आढळतं. टीएसएच, म्हणजे रक्तातून होणारी थायरॉइडची तपासणी. तो जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षानं आणि पुढे दरवर्षी तपासायचा असतो. दीड वर्षांनंतरही एकही दात नसेल तर तोंड दाखवून घ्या. काही दात जन्मतःच नसणं, वरचे बाजूचे कृंतक (पुढचे कापायचे दात) टोकदार-लहान असणं हेही इथे सर्रास आहे. झोपेत घोरणं, श्वास मधेच अडणं, मान मागे टाकून झोपणं दिसलं तर प्लेटच्या आशेवर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

कोल्हापुरात कुठून सुरुवात करायची

२०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (आरबीएसके) यादीत डाऊन सिंड्रोम आहे. अंगणवाडीत येणारी आरबीएसकेची टीम बाळाला जिल्ह्याच्या लवकर-हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवण्याची चिठ्ठी देऊ शकते. अशा केंद्राच्या रचनेत बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, वाचा-श्रवणतज्ज्ञ आणि दंतवैद्य धरलेले असतात. शहरातल्यांनी चौकशी सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातून सुरू करावी. दंत महाविद्यालय जिल्ह्यात नवे पारगावला आहे, सांगलीत आणि बेळगावातही आहेत. तिथल्या बालदंतविभागात, म्हणजे पेडोडॉन्टिक्समध्ये, फोनवर नेमके दोन प्रश्न विचारा: तीन-चार महिन्यांच्या बाळाचं टाळूचं माप घेता का, आणि टाळू फाटलेल्या बाळांच्या प्लेट बनवता का. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर पहिल्यासाठी लागणारा हात, ट्रे आणि लॅब त्यांच्याकडे असते. रचना वेगळी, कौशल्य तेच.

दोन्हींना ‘नाही’ मिळालं तरी हात बांधून बसायचं कारण नाही. प्लेटसाठी पुण्या-मुंबईच्या फेऱ्या दर महिन्याला करणं बहुतेकांना झेपत नाही, आणि तपासणीविना घातलेली प्लेट न घातलेलीपेक्षा वाईट. त्याऐवजी वाचातज्ज्ञाकडून मालिश आणि भरवायची रीत समोर बसून शिका आणि ती मोबाइलवर चित्रित करून ठेवा, म्हणजे आजी आणि मावशी दोघींचा हात सारखा पडेल.

दंतवैद्याची पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आत, दात असो वा नसो. जाताना पिशवीत इको, टीएसएच, औषधांची यादी, वजनाचा तक्ता, घरचा चमचा आणि प्लेट असेल तर डबीसकट. वेळ सकाळची मागा, बाळाची झोप झालेली असते आणि डॉक्टरांचीही घाई सुरू झालेली नसते.